३२ अंशांखाली हात सोडणारी बशी: वर्षभर वापरून

पाकीट फोडलं तेव्हा जीव जरा खट्टू झाला. सात आठवडे वाट पाहिली, एका बशीला अडीच हजारांच्या वर मोजले, आणि हातात आली ती आमच्या कपाटात चळतीने पडलेल्या, पेशी वाढवायच्या साध्या कल्चर डिशसारखीच वस्तू. तीच ३५ मिलिमीटरची गोल बशी, तसंच झाकण, तसाच पारदर्शक तळ. ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहिली तरी वेगळं काही दिसेना. दिसणार तरी कसं? आम्ही पैसे मोजले होते ते तळावरच्या साधारण २० नॅनोमीटर जाडीच्या अस्तराचे. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो.

मी ठाण्याची. गेली १४ वर्षं रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम करते. आमच्याकडे मलमं, क्रीम, जखमेवर लावायची ड्रेसिंग तपासायला येतात. त्यासाठी माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यावर नमुना लावायचा आणि काय होतं ते नोंदवायचं. वर्षभरात अशा ४० बशा वापरून झाल्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते या प्रकारच्या बशीबद्दल. अशा बशा बनवणारे जगात मोजकेच आहेत, ज्यांना हव्यात त्यांना ते सापडतील.

आधी साध्या बशीत काय होतं ते सांगते. पेशी तळाला घट्ट चिकटून वाढतात. आठवडाभरात बशी भरली की त्या काढायला ट्रिप्सिन घालावं लागतं. आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं एन्झाइम आहे ना, तेच. ते पेशींचे पाय तळापासून तोडतं, पण तेवढ्यावर थांबत नाही. पेशींनी एकमेकींना धरलेले हातही तोडतं, आणि स्वतःखाली विणलेली प्रथिनांची चादरही खाऊन टाकतं. आठ दिवस जमवलेला पापुद्रा पाच मिनिटांत सुट्या दाण्यांसारखा होतो. पेशी मोजून पुढच्या बशीत घालायच्या असतील तर काही बिघडत नाही. पण अख्खा पापुद्रा उचलायचा असेल तर ट्रिप्सिन कामाचं नाही. डिस्पेज नावाचं दुसरं एन्झाइम पापुद्रा एकसंध सोडवतं. आम्ही ते दोन वर्षं वापरलं. मात्र तेही खालची पकड खातंच, आणि तो पापुद्रा दुसरीकडे ठेवला की नीट बसत नाही.

या बशीत एन्झाइम लागतच नाही. बशी गार करायची, बस्स.

पहिल्यांदा केलं तो दिवस आठवतो. पेशी ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गच्च भरल्या होत्या. जुनं मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, काढून थोडं नवं घातलं आणि बशी २० अंशांवर ठेवली. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग एका कडेला बारीक पांढरी रेघ दिसली. तापवून निवत ठेवलेल्या दुधाच्या पातेल्याला हलका धक्का दिला की साय कडेने सुटते आणि सुरकुतते, अगदी तसं. रेघ रुंदावत गेली, पापुद्रा आत ओढला जाऊ लागला. साधारण अर्ध्या तासात सबंध गोल तुकडा तळापासून मोकळा होऊन मीडियात डुलत होता. आमच्याकडची नवी मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. एकदम म्हणाली, "ताई, ही तर साय आहे!" त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये पेशींच्या या पापुद्र्याला सायच म्हणतात. सरसुद्धा विचारतात, "साय उतरली का?"

हे घडतं कसं, ते मला नीट समजून घ्यायचं होतं. नुसतं वापरून समाधान होईना. म्हणून तळावरचं अस्तर ज्या पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचं, असतं त्याची ५ ग्रॅम पूड वेगळी मागवली. नाव लांबलचक, पॉली-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलामाइड. लॅबमधले सगळे पीनायपाम म्हणतात. पाण्यात थोडीशी विरघळवून टेस्ट ट्यूबमध्ये भरली. पाणी नितळ. ट्यूब मुठीत घट्ट धरून ठेवली, तर मिनिटा-दोन मिनिटांत आतलं पाणी दुधाळ झालं. एसीच्या झोतासमोर धरली, पुन्हा नितळ. पुन्हा मुठीत, पुन्हा दुधाळ. त्या दिवशी हे कितीदा केलं त्याची गणती नाही. साखर गरम पाण्यात लवकर विरघळते हे आपण लहानपणापासून बघतो. याचं उलट आहे. गारव्यात विरघळतं, उबेत साकळतं. हा पालट साधारण ३२ अंशांना होतो. १९६८ मध्ये हेस्किन्स आणि गिलेट या दोघांनी तो शास्त्रीय नियतकालिकात मांडला.

या साखळीच्या प्रत्येक कडीत दोन भाग असतात. एक पाण्याला धरून राहणारा, दुसरा पाण्यापासून अंग चोरणारा. गारव्यात पाण्याचे रेणू साखळीभोवती शिस्तीत दाटून बसतात आणि साखळी सैल, पसरलेली राहते. ऊब वाढली की त्या रेणूंना तसं बांधून राहणं परवडत नाही, ते सुटून निघून जातात. मग साखळीचे पाणी टाळणारे भाग एकमेकांना बिलगतात आणि साखळी गोळा होते. बशीच्या तळावर हीच साखळी पक्की बसवलेली असते. ३७ अंशांना ती आखडून कोरडी पडते, आणि अशा पृष्ठभागावर पेशी पाय रोवतात. ३२च्या खाली ती पाणी पिऊन फुगते, मग पेशींच्या पायाखाली धरायला काही उरत नाही.

आपल्या शरीरातली प्रथिनं घड्या घालून आपापला आकार घेतात तेव्हाही बऱ्याच अंशी हीच ओढ काम करत असते. पाणी टाळणारे भाग आत, पाणी मानणारे बाहेर. त्वचेला आणि रक्तवाहिन्यांना लवचीकपणा देणारं इलास्टिन हे प्रथिन घ्या. त्याचा विरघळणारा पूर्वज रेणूही ऊब लागली की पाण्यातून वेगळा होऊन एकत्र येतो. ही गोष्ट मला फार भावली, कारण पीनायपामचं प्रथिनांशी नातं आणखी जवळचं निघालं. डाळीत, दुधात असतं ते ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल घ्या. प्रथिनाच्या साखळीतली ल्युसीनची एक कडी आणि पीनायपामची एक कडी शेजारी ठेवून अणू मोजले. दोन्हीकडे कार्बन ६, हायड्रोजन ११, नायट्रोजन १, ऑक्सिजन १. तेच मणी, गुंफण वेगळी. कारखान्यात बनलेलं प्लास्टिक जिवंत पेशीशी तिच्या भाषेत कसं बोलतं याचा मला जरा उलगडा झाला तो तिथे.

हा ३२चा आकडा दगडावरची रेघ नव्हे. साखळीत मधूनमधून पाणी मानणाऱ्या कड्या मिसळल्या की पालटाचं तापमान वर सरकतं, ब्यूटिल मेथाक्रिलेटसारख्या पाणी टाळणाऱ्या मिसळल्या की खाली येतं. म्हणजे कोणत्या अंशाला धरायचं आणि कोणत्या अंशाला सोडायचं हे आधी ठरवून पॉलिमर घडवता येतं. पण बशीसाठी ३२ हा आकडा फार चपखल आहे. पेशींच्या ३७च्या खाली, पण इतकाही खाली नाही की पेशी गारठून जाव्यात.

माझ्या मते या वस्तूत आपण पैसे मोजतो ते ३७ आणि ३२ यांच्यामधल्या ५ अंशांचे. ते ५ अंश तुमच्या खोलीत सांभाळता येत असतील तर बशी सोन्याची आहे. येत नसतील तर पैसे पाण्यात. आम्ही हे ठेच खात शिकलो. माहितीपत्रकात यातलं फारसं काही नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली ठेच एसीची. यंत्रांना घाम फुटू नये म्हणून आमच्या मायक्रोस्कोपच्या खोलीत एसी २१वर असतो. साध्या बशा तिथे दहा मिनिटं राहिल्या तरी पेशींना फरक पडत नाही. या बशीच्या बाबतीत मी सवयीने निवांत बघत बसले, फोटो काढले, नोंदी केल्या. परत इन्क्युबेटरमध्ये ठेवताना पाहते तर कडा सुटलेल्या. तीन दिवस आधीच, अर्धवट भरलेल्या पेशींची सुटलेली कड. ती परत नीट बसत नाही, गुंडाळते. त्यानंतर मायक्रोस्कोपखाली काच तापवणारी पट्टी बसवली, आणि बशी न्यायला-आणायला थर्माकोलच्या डब्यात ३७ अंशांच्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवायला लागलो. डब्याला खर्च शून्य. सगळ्यात उपयोगाचा ठरला तोच.

दुसरी ठेच धुण्याची. मीडिया बदलताना पेशी पीबीएसने, म्हणजे क्षारांच्या पाण्याने, धुवायच्या असतात, आणि आपल्याकडे पीबीएसची बाटली एक तर फ्रिजमध्ये असते नाही तर टेबलावर. वर्षानुवर्षं हात सरळ तिकडे जातो. गार पीबीएस या बशीत ओतलं की तुम्ही स्वतःच पेशींना निघायला सांगितलंत. बशीत पडणारं प्रत्येक द्रव आधी ३७वर गरम करून घ्यायचं. मी पेशींचं काम करायच्या हुडच्या काचेवर स्केचपेनने मोठ्ठं "गरम आहे का?" लिहून ठेवलंय.

तिसरी ठेच उलट्या टोकाची. आमच्याकडच्या एका मुलाने विचार केला, २०ला अर्धा तास लागतो तर ४ अंशांच्या फ्रिजमध्ये पाच मिनिटांत होईल. घाई होती, पाहुणे यायचे होते. पाऊण तासाने साय निघाली ती फाटकी, निम्मी तळाला चिकटलेली. मला आधी वाटलं बशीच खराब आहे. वाचल्यावर कारण कळलं. पॉलिमर आपलं काम झटकन करतो, पण शेवटी पाय काढून घ्यायचे ते पेशीला. तिला आतला सांगाडा आवळून, ऊर्जा खर्च करून सुटावं लागतं. पेशींची ऊर्जा अडवणारं रसायन घातलं की सुटणं मंदावतं, हे जपानमधल्या मंडळींनी प्रयोगाने दाखवलं आहे. ४ अंशांना पेशी पार गारठलेली असते, तिच्यात ते बळच नसतं. तेव्हा घाई करू नका. २० ते २५ अंश आणि अर्धा-पाऊण तास, इतकं पुरतं.

चौथी मात्र ठेच नव्हे, घाव होता. गेल्या जुलैत रात्री अकराच्या सुमारास लाइट गेली. जनरेटर सुरू झाला नाही, आणि रात्रपाळीच्या मामांनी काळजीपोटी इन्क्युबेटर उघडून पाहिला, दोनदा. पहाटे पाचला लाइट आली. सकाळी पावसातून भिजत पोचले आणि दार उघडलं, तर सहाच्या सहा बशांमध्ये साय तरंगत होती. सुरकुतलेली, एकमेकींत अडकलेली. शेजारच्या फळीवर साध्या बशांमधल्या पेशी मात्र जागच्या जागी, जराशा मलूल झालेल्या, दोन दिवसांत सावरल्या. बारा दिवसांचं काम गेलं. मामांना रागावावंसं वाटलं नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता दारावर मराठीत पाटी आहे, लाइट गेली तर दार उघडू नये आणि मला फोन करावा. इन्क्युबेटरच्या यूपीएसची बॅटरीही वेगळी केली. तुमच्याकडे विजेचा भरवसा नसेल तर ही बशी घेण्याआधी बॅटरी घ्या.

डीलरबद्दल. माल बाहेरून येतो, त्याला वेळ लागतो हे समजू शकते. पण दुसऱ्या खेपेला जी पाकिटं आली त्यांची मुदत संपायला जेमतेम चार महिने उरले होते, आणि बॅचचं प्रमाणपत्र मिळवायला तीन आठवडे फोन करावे लागले. आम्ही पैसे पूर्ण मोजले होते. ऑर्डर देतानाच किमान नऊ महिन्यांची मुदत हवी असं लेखी घ्या. बशी एकदाच वापरता येते, धुऊन परत चालत नाही, त्यामुळे कपाटात पडून वाया गेली तर फार लागतं.

घरी बनवता येईल का, हा प्रश्न आमच्याकडेही निघाला. मागवलेली पूड द्रावकात विरघळवून साध्या बशीवर पसरवून पाहिली. कुठे जाड, कुठे पातळ, आणि गार पाण्याने धुतल्यावर अस्तरच निघून गेलं. साखळी नुसती पसरून भागत नाही, तळाशी रासायनिक बंधाने जोडलेली हवी. जाडीही नेमकी हवी. २० नॅनोमीटरच्या आसपास पेशी बसतात, ३०च्या वर गेली की ३७ अंशांनाही बसायला तयार होत नाहीत. मूळ पद्धतीत ही जोडणी इलेक्ट्रॉन किरणांनी करतात. टोकियोच्या महिला वैद्यकीय विद्यापीठात तेरुओ ओकानो यांच्या गटाने १९९० मध्ये ही कल्पना मांडली, बशा निघाल्या त्यातूनच. हे वाचताना मला राहून राहून खारघर आठवत होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर तिथेच आहे, आमच्या लॅबपासून तासाभराच्या आत. किरण आपल्या नवी मुंबईत आहे, प्लास्टिकच्या बशा ओतणारे कारखाने आपल्याकडे आहेत, रसायनं बनवणारे तर टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात गल्लोगल्ली आहेत. ही बशी इथे बनावी असं मला मनापासून वाटतं. कुणी रसायनवाला हे वाचत असेल तर त्याने जरूर विचार करावा. पहिल्या खेपेच्या बशा फुकट तपासून द्यायला मी तयार आहे, सरांना विचारून ठेवलंय.

मला हे इतकं का लागतं, त्याला कारण आहे. माझा मावसभाऊ सहा वर्षांचा असताना मुरबाडला आजोबांच्या चुन्याच्या पुडीशी खेळत होता. पुडी दाबली, चुना उडाला, उजव्या डोळ्यात गेला. बुबुळाच्या कडेला ज्या मूळ पेशी असतात त्या जळाल्या आणि त्यावर पांढरा पडदा चढला. आज तो तिशीत आहे, एका डोळ्यावर संसार करतो. २००४ मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशाच चार रुग्णांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. रुग्णाच्याच गालाच्या आतल्या पेशी घेतल्या, अशाच तापमान ओळखणाऱ्या पृष्ठभागावर वाढवल्या, गार करून साय उतरवली आणि डोळ्यावर ठेवली. टाका घालावा लागला नाही. पेशींनी खाली विणलेली चादर शाबूत होती, तीच डिंकासारखी बसली. चारही डोळ्यांची नजर सुधारली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ठाणे-वाशी लोकलमध्ये होते, रबाळे कधी मागे पडलं कळलं नाही.

पण म्हणून ही बशी सगळ्यावरचा इलाज आहे असं मी म्हणणार नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये एक साधी रीत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि गर्भवेष्टनाच्या पापुद्र्यावर, थेट रुग्णाच्या डोळ्यातच वाढू द्यायचे. लॅब नको, इन्क्युबेटर नको, महाग बशी नको. एक डोळा चांगला असलेल्या माणसाला आपल्या देशात हीच वाट परवडणारी आहे. मावसभावाला मी तिकडेच दाखवायला सांगितलंय, दिवाळीनंतर जाणार आहे. दोन्ही डोळे गेलेल्यांना मात्र घ्यायला चांगला डोळाच नसतो. तिथे गालाची पेशी आणि ही बशी यांचं मोल वेगळं.

आमच्या रोजच्या कामात बशीने काय दिलं? डिस्पेजने काढलेल्या पापुद्र्यावर ड्रेसिंग तपासायचो तेव्हा एकाच नमुन्याचे तीन निकाल तीन दिशांना जायचे. आता साय अख्खी उतरते, खालच्या थरावर वीसेक मिनिटांत बसते, आणि निकाल एकमेकांच्या बरेच जवळ येतात. दोन सायी एकीवर एक ठेवून जाड त्वचाही करून पाहिली, चांगली जमली. एक अडचण कायम आहे. तळाची पकड सुटली की पेशी आपल्याच ताणाने आवळतात आणि साय मूळ आकारापेक्षा बरीच लहान होते, त्वचेच्या आतल्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशींची तर फारच. त्यासाठी वरून आधाराचा गोल कागदी पडदा ठेवून, साय त्याला चिकटवून मगच बशी गार करायची. पडदा ठेवताना बुडबुडा अडकला तर तिथे भोक पडतं. चिमटा दोन्ही हातांनी धरायचा, श्वास रोखायचा, आणि एका कडेने हळूहळू टेकवायचा. हे जमायला मला दहा बशा लागल्या, आमच्याकडच्या मुलीला सहा.

ज्यांना पेशी फक्त वाढवून मोजायच्या आहेत त्यांनी ही घेऊ नये, ट्रिप्सिन उत्तम आहे. ज्यांना एकसंध थर हवा, किंवा पेशीच्या अंगावरची प्रथिनं न तुटता तपासायची आहेत, त्यांनी जरूर घ्यावी. मात्र पहिलं पाकीट शिकण्यातच जाणार असं धरून चाला.

पुढची ऑर्डर कालच गेली. या वेळी ३५ मिलिमीटरच्या १२ बशा आणि आधाराच्या पडद्यांचं एक जास्तीचं पाकीट. मुदतीची अट सरांनी पत्रात लाल शाईने लिहायला लावली आहे.